बालविकास विषय घेतलाय? मग आधी बघायला शिका

नव्या तुकडीला पहिल्या तासाला मी विचारते, हा विषय का निवडला? निम्म्याहून जास्त जण सांगतात, ‘मला लहान मुलं फार आवडतात.’ मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, ‘सोपा आहे म्हणे.’ पहिल्या उत्तराला माझी हरकत नाही. दुसरा भ्रम पहिली नोंदवही तपासून परत मिळेपर्यंतच टिकतो, त्यामुळे त्यावर मी वाद घालत बसत नाही.

या विषयात जन्माच्या आधीपासून साधारण 8 वर्षांपर्यंतचं मूल येतं: त्याचं शरीर, हालचाली, विचार, भाषा, भावना, माणसांशी जुळणारं नातं, आणि हे सगळं नीट घडावं म्हणून त्याच्याभोवती काय काय लागतं ते. थोडं जीवशास्त्र, थोडं मानसशास्त्र, थोडं आहारशास्त्र आणि भरपूर लिखाण. इतकी वर्षं शिकवून माझं मत असं झालंय की यातलं पाठांतर कुणालाही जमतं, गाडी अडते ती बघण्यापाशी. समोरचं मूल काय करतंय ते पाहण्याआधीच ते कसं आहे हे आपण ठरवून मोकळे होतो. ही खोड मोडायची कशी, हेच पुढे फिरून फिरून सांगणार आहे.

विषय पक्का करण्याआधी

अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. प्रात्यक्षिक आहे का, आणि असेल तर पाळणाघरात किंवा बालवाडीत किती तास द्यावे लागतात. गुण लेखी परीक्षेवर जास्त आहेत की नोंदवही आणि प्रकल्पावर. आणि मुलांमध्ये जाण्याआधी कुठले कागद लागतात. पालकांचं संमतिपत्र, लसीकरणाची नोंद, काही ठिकाणी ओळखीची पडताळणी, या सगळ्याला वेळ जातो. दरवर्षी दोघं-तिघं कागद उशिरा देतात आणि बाकीचे मुलांमध्ये रमलेले असताना ग्रंथालयात बसून राहतात.

आणखी एक. घरी लहान भावंडं सांभाळली म्हणजे निम्मा विषय झाला, असं वाटत असेल तर जरा थांबा. तो अनुभव उपयोगी पडतोच, पण आडवाही येतो. ‘आमच्याकडे तर बाळ नवव्या महिन्यात चालायला लागलं होतं’ असं कुणी म्हणालं की मला ठरवलेला धडा बाजूला ठेवून पुढचा भाग आधी घ्यावा लागतो.

वाढीचा क्रम पक्का करा, तारखा सैल ठेवा

मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, चालणं. हा क्रम बहुतेक सगळ्यांना ऐकून माहीत असतो. विद्यार्थी प्रत्येकापुढे एकच महिना लिहून तो पाठ करतात आणि तिथेच फसतात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी ठेवून 2006 साली हालचालींचे कालखंड प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं: 3.8 ते 9.2 महिने. एकट्याने चालणं: 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे दोन धडधाकट बाळांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं. शिवाय सुमारे 4 टक्के बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकत गेलं, कुणी सरळ उभंच राहिलं.

क्रमामागचं तत्त्व एकदा कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं. शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे उतरत जातो. म्हणून मान आधी सावरते आणि पाय शेवटी. म्हणून हात झोकून वस्तू ओढणं आधी जमतं आणि चिमटीत बारीक तुकडा धरणं बरंच नंतर, पहिल्या वाढदिवसाच्या थोडं अलीकडे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चित्र काढणाऱ्या मुलाशेजारी बसा. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत आवळतं आणि रेघ त्याच्या खांद्यातून येते, सगळं अंग त्या रेघेबरोबर हलत असतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास हालचाल कोपरात आणि मनगटात उतरते. चार-पाचच्या सुमारास खडू तीन बोटांत येतो, तळहाताची कड कागदावर टेकते आणि रेघ बोटांतून निघते. आपण मात्र कागदाकडे बघून ‘वा, काय छान फूल!’ म्हणतो आणि तो खांदा बघायचा राहून जातो.

काही आकडे डोक्यात असलेले बरे. जन्माच्या वेळचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. लांबी जन्मतः 50 सेंटिमीटरच्या आसपास, वर्षाला 75. नवजात बाळाला सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते 20 ते 30 सेंटिमीटरवरचं. कुशीत घेऊन पाजणाऱ्या आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो.

कालखंड मोठे आहेत म्हणजे ‘होईल हळूहळू’ म्हणून सगळंच सोडून द्यायचं, असंही नाही. दोन गोष्टी दिसल्या तर तुमच्या शिक्षकांना सांगायच्याच: एकदा जमलेली गोष्ट मूल पुन्हा हरवून बसलं (शब्द बोलायचं आणि आता बोलत नाही), किंवा दीड वर्ष उलटूनही एकटं चालत नाही. सांगायचं ते शिक्षकांना. पालकांना फाटकाशी गाठून निदान ऐकवणं हे आपलं काम नाही.

शास्त्रज्ञांची नावं प्रयोगांसकट लक्षात ठेवा

ज्याँ पियाजे आणि लेव व्हिगॉट्स्की दोघेही 1896 सालचे. व्हिगॉट्स्की 1934 मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. पियाजे 1980 पर्यंत जगले. परीक्षेत या दोघांची तुलना वारंवार येते. ढोबळ फरक असा: पियाजेंचं मूल वस्तू हाताळत, चुकत स्वतः शिकतं, व्हिगॉट्स्कींचं मूल जास्त जाणत्या माणसाच्या सोबतीने शिकतं, आज मदतीने जमलेलं उद्या एकट्याने करतं.

पण व्याख्या घोकण्यापेक्षा पियाजेंचा एक प्रयोग स्वतः करा. दोन सारखे पेले, सारखं पाणी. मुलाला विचारा, सारखं आहे का? हो म्हणालं की त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि तेच पुन्हा विचारा. चार वर्षांचं मूल बहुधा सांगेल की उंच पेल्यात जास्त आहे. सातच्या आसपास तेच मूल ‘काय हा प्रश्न!’ अशा नजरेने तुमच्याकडे बघेल.

मी हा प्रयोग करत असताना एका चार वर्षांच्या मुलीने मलाच अडवलं: ‘ताई, तू सारखं सारखं तेच का विचारतेस?’ तिने नकळत एका जुन्या वादावर बोट ठेवलं. मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार, असं समजून मूल उत्तर बदलत असेल तर? 1974 साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि एक रांग विस्कटायचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिलं. आता प्रश्न पुन्हा विचारायला कारण मिळालं, आणि पुष्कळ जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. पियाजे चुकले असा याचा अर्थ लावू नका. मुलाला प्रश्न कसा विचारला यावर उत्तर हलतं, एवढं मात्र तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचा अनुबंधाचा (मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यात जडणाऱ्या घट्ट नात्याचा) भाग आला की वर्गातला प्रत्येक जण लगेच स्वतःच्या घराला लावून बघतो. बघू दे. पण नोंदवहीत एक ठरलेली चूक येते: ‘आई गेल्यावर मूल खूप रडलं, म्हणजे त्याचा अनुबंध असुरक्षित आहे.’ एन्सवर्थ यांच्या प्रयोगात साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. त्यात सगळ्यांत मोलाचं असतं ते परत येण्याच्या क्षणी मूल काय करतं ते. रडून रडून लाल झालेलं मूल आईला बिलगलं, शांत झालं आणि पुन्हा खेळायला गेलं, तर ते सुरक्षित अनुबंधाचंच लक्षण. म्हणून पाळणाघरात सकाळी निरोपाच्या वेळी गर्दी करू नका, संध्याकाळी घ्यायला येतात तेव्हा कोपऱ्यात उभे राहून बघा. आणि बघितल्यावरही शिक्का मारू नका. तो प्रयोग प्रशिक्षित माणसं ठरलेल्या पद्धतीने करतात, दारातल्या दोन मिनिटांत तो होत नाही.

नोंदवही: इथे खरा वेळ द्या

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या एका मुलाबद्दल मी पहिल्याच दिवशी लिहिलं: ‘हट्टी आहे. सांगितलेलं ऐकत नाही. स्वतःच्या तंद्रीत असतो.’ बाईंनी लाल शाईने समासात एवढंच लिहिलं, ‘हे कुठे दिसलं?’ मला राग आला. दिसलं म्हणजे काय, सगळ्यांना माहीत होतं! तरी दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले आणि फक्त कोण बोललं, कुठून बोललं, त्याने काय केलं, एवढंच टिपलं. समोरून हाक मारली की तो लगेच यायचा. मागून मारली की नाही. खोलीत गोंगाट असला तर समोरूनही कधी कधी नाही. आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा ओठांकडे बघायचा. वही वर्गाच्या शिक्षिकेला दाखवली, त्या पालकांशी बोलल्या, कान तपासले. पडद्यामागे द्रव साचला होता, जे या वयात पुष्कळ मुलांना होतं. ‘ऐकत नाही’ हे माझं वाक्य शब्दशः खरं निघालं, फक्त मी ते भलत्याच अर्थाने लिहिलं होतं.

तेव्हापासून मी नव्या विद्यार्थ्यांना एकच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून दाखवते. पहिली तऱ्हा: ‘क्ष रागीट आहे. तिला वाटून घेता येत नाही.’ दुसरी: ‘10:42. क्ष (3 वर्षे 2 महिने), लाल गाडी उजव्या हातात. य गाडीचं चाक धरतो. क्ष गाडी छातीशी ओढते, “माझी” म्हणते, दोनदा. य सोडत नाही. क्ष शिक्षिकेकडे बघते. शिक्षिका पाठमोरी. क्ष य-च्या हातावर चापट मारते. 10:43.’ दुसरी नोंद वाचणाऱ्याला कळतं की चापट मारण्याआधी ही मुलगी दोनदा बोलली आणि एकदा मदत शोधली. पहिल्या नोंदीत हे सगळं ‘रागीट’ या शब्दाखाली गाडलं गेलं.

लिहिण्याच्या पद्धती चार-पाच आहेत, सुरुवातीला तीन पुरेत. ओघाने लिहिलेली सलग नोंद, वर दिली तशी, दहा मिनिटांच्या वर करू नका, हात आणि नजर दोन्ही थकतात. ठरावीक अंतराने घेतलेली नोंद: दर 2 मिनिटांनी मान वर करायची आणि त्या क्षणी मूल काय करतंय तेवढंच टिपायचं. खेळाच्या अभ्यासाला ही उत्तम. मिल्ड्रेड पार्टेन यांनी अशाच थोड्या थोड्या वेळाच्या निरीक्षणांतून 1932 साली एकट्याचा खेळ, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापला खेळ, मिळून खेळ, अशी विभागणी मांडली. ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. आणि तिसरी, प्रसंगाची नोंद: भांडण, निरोप, जेवण असं काहीतरी एक निवडायचं आणि ते घडेल तेव्हाच लिहायचं. खुणांची यादी, म्हणजे मुलाला काय काय जमतं याच्या छापील चौकटींत खुणा करायच्या ती, शेवटी वापरा. यादी हातात आली की माणूस मूल सोडून चौकटी बघायला लागतो.

बोलणं लिहिताना ते सुधारू नका. तीन वर्षांचं मूल ‘मी तिकडे जालो’ म्हणालं तर ‘जालो’च लिहा, ‘गेलो’ नको. कारण त्या चुकीतच सगळी गंमत आहे. बसलो, उठलो, पळालो हे ऐकून ऐकून त्याने नियम काढलाय आणि तो ‘जा’ला लावलाय. ‘जालो’ त्याला कुणी शिकवलेलं नाही. काही महिन्यांपूर्वी हेच मूल कदाचित ‘गेलो’ बरोबर म्हणत असेल, कारण तेव्हा त्याच्याकडे नियम नव्हता, नुसतं ऐकलेलं होतं. चूक वाढली म्हणजे भाषा मागे गेली असं धरू नका, बहुधा पुढे सरकलेली असते.

मुलांमध्ये पहिला दिवस

केस बांधा, लोंबते कानातले आणि टोकदार पिना घरी ठेवा, हात साबणाने 20 सेकंद धुवा. आत गेल्यावर जमिनीवर बसा. उभं माणूस म्हणजे मुलाच्या दृष्टीने दोन गुडघे आणि वरून येणारा आवाज. कुणालाही आपणहून उचलून घेऊ नका, ते जवळ येईपर्यंत थांबा. येतंच, तुमच्या वहीत काय आहे ते बघायला.

फोन बॅगेत. फोटो नाही, ‘फक्त एक’ सुद्धा नाही. वहीत खरं नाव लिहू नका, वय वर्षं आणि महिन्यांत लिहा. तिथे पाहिलेलं घरी जेवताना गोष्टीसारखं सांगू नका, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या मुलाला ओळखत असतं.

अंगावर विचित्र वळ दिसले, किंवा मूल काही भयंकर सांगायला लागलं, तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. त्याच दिवशी प्रभारी शिक्षिकेला सांगा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून द्या. एवढ्यावर तुमची जबाबदारी पूर्ण होते. रात्रभर त्याचा विचार येत राहिला तर आपल्या शिक्षकांशी किंवा समुपदेशकांशी बोला. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने हे ओझं एकट्याने वाहायचं नसतं.

सुरक्षिततेचे काही नियम इथे शंका न काढता पाळायचे. तान्ह्या बाळाला उताणंच झोपवायचं, पाळण्यात उशी किंवा खेळणी नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि तीन वर्षांखालच्या मुलांजवळ घशात अडकेल एवढं काहीही ठेवायचं नाही, तुमच्या पेनाचं टोपणही.

‘स्वास्थ्य’ या शब्दाखाली काय येतं

या भागात विद्यार्थी ‘मुलाला प्रेम दिलं पाहिजे’ असं लिहून पान भरतात. गुण मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी 2018 साली संगोपनाची एक चौकट मांडली. तिचे पाच भाग: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याच्या संधी, आणि प्रतिसाद देणारी देखभाल. उत्तर या पाचांवर उभं करा.

शेवटचा भाग समजायला सगळ्यांत अवघड आणि बघायला सगळ्यांत सुंदर. बाळ ‘ऊं’ करतं, मोठं माणूस ‘होऽ का?’ म्हणतं, बाळ पाय झाडतं, माणूस हसतं. चेंडू टोलवावा तसं हे चाललेलं असतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना सांगितलं की काही महिन्यांच्या बाळाशी आधी नेहमीसारखं खेळा आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघत राहा. बाळं हसून बघतात, आवाज काढतात, हात पुढे करतात, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतात, रडवेली होतात. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाच्या मांडीवरचं बाळ बघितलं की मला हा प्रयोग आठवतो. दोन्ही एकच नव्हे, हे मात्र परीक्षेत स्पष्ट लिहा.

झोप आणि पडदा यांचे आकडे हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशींप्रमाणे 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप हवी, 3 ते 4 वर्षांच्याला 10 ते 13. दोन वर्षांखाली टीव्ही-मोबाइलचा पडदा नकोच, 2 ते 4 वर्षांना 1 तासाच्या आत, आणि कमी तेवढं बरं.

काही शाळांत रडणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली दोन-तीन दिवस घरी सांभाळायला देतात. रात्री तीनला उठवते, मजा येते, वैताग येतो. तिच्याकडून फार अपेक्षा नको. अशा बाहुल्या वापरून अल्पवयातली गर्भधारणा टळते का, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शाळांत तपासलं गेलं. 2016 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: बाहुली सांभाळलेल्या मुलींमध्ये गर्भधारणेचं प्रमाण कमी तर झालं नव्हतंच, उलट जास्त होतं. बाहुली रडते, पण तुमच्याकडे बघून हसत नाही. निरीक्षणाला ती कुचकामी.

प्रकल्प

विषय लहान घ्या. ‘मुलांच्या विकासावर खेळाचा परिणाम’ हे पाच वर्षांचं काम आहे. ‘एकच ठोकळ्यांचा संच दोन आणि चार वर्षांची मुलं कशी वापरतात’ हे तीन आठवड्यांत होतं, आणि वाचायला कितीतरी गंमतीचं. आधी नोंदी, मग त्यांत काय पुन्हा पुन्हा दिसतं ते, मग कुठला सिद्धान्त लागू पडतो ते, या क्रमाने जा. सिद्धान्त आधी निवडला की नोंदी आपोआप त्याच्या बाजूने झुकतात.

पुढे नर्सिंग, बालशिक्षण, वाचा-उपचार, समाजकार्य, मानसशास्त्र यांपैकी कुठेही जायचं असेल तर ही वही जपून ठेवा. मुलाखतीत ‘मुलं आवडतात’ असं सगळेच सांगतात. 10:42 ते 10:43 मध्ये काय घडलं हे सांगणारे थोडे असतात.

या आठवड्याचं काम: एखादं मूल खेळत असेल तिथे परवानगी घेऊन दहा मिनिटं बसा आणि एकही विशेषण न वापरता लिहा. लाजाळू, गोड, हुशार, मस्तीखोर, सगळं बंद. पहिली दोन मिनिटं पेन उघडूच नका.